अळीला विषाची सवय होत नाही

कपाशीच्या पट्ट्यात गुलाबी बोंडअळीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "अळीला आता बीटीची सवय झाली." ऐकायला ते पटतं. माणसाला तंबाखूची सवय होते, तिखटाची होते, मग अळीला विषाची का होऊ नये? पण बीटी कपाशीच्या, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच बनवणाऱ्या कपाशीच्या, बोंडात शिरलेली एकही अळी हळूहळू विष पचवायला शिकलेली नाही. जिला ते बाधायचं होतं ती दोन-चार दिवसांत मेली. जी जगली ती अंड्यातून बाहेर पडतानाच वेगळी होती. तिची पिल्लं तिच्यासारखी निघाली, बाकीच्यांना पिल्लं झालीच नाहीत, आणि काही वर्षांत शेतातली अळ्यांची जमात बदलून गेली. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच.

शाळेत हा शब्द जिराफाच्या मानेबरोबर येतो आणि बहुतेकांच्या डोक्यात तिथेच थांबतो. लाखो वर्षांची, आफ्रिकेतली, आपल्याशी संबंध नसलेली गोष्ट म्हणून. प्रत्यक्षात तिचं जगातलं एक ठळक उदाहरण गुजरात-महाराष्ट्राच्या शेतांत, पंधरा वर्षांच्या आत आणि तारखांसकट नोंदवलं गेलं आहे. तेच इथे उलगडून पाहू.

आधी अळीची ओळख. मादी पतंग पात्या, फुलं आणि कोवळ्या बोंडांवर शे-दोनशे अंडी घालते. चार-पाच दिवसांत अंडी फुटतात. अळी फुलात शिरली तर पाकळ्या आतून धाग्यांनी बांधून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. शेतकरी याला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली तर आत जाण्याचं बारीक छिद्र भरून येतं आणि बोंड वरून धडधाकट दिसतं. आत ती सरकी खात असते. बोंड फुटतं तेव्हा कापसाऐवजी कवडी हाती येते. दोन आठवड्यांच्या आसपास खाऊन अळी कोषात जाते, आणि अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा साधारण महिन्याभरात पुरा होतो. हंगामात चार ते सहा पिढ्या सहज होतात. शेवटच्या पिढीतल्या बऱ्याच अळ्या सरकीत किंवा वाळक्या बोंडात सुप्तावस्थेत पडून राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात पतंग होऊन बाहेर येतात.

यातल्या दोन गोष्टी पुढे सारख्या लागणार आहेत. पिढ्या भराभर होतात ही एक. दुसरी म्हणजे ही अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. भेंडीसारख्या तिच्या भाऊबंद पिकांवर सापडते, पण क्वचित.

आता विष. बीटी हे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचं छोटं नाव. हा जिवाणू 'क्राय' गटातली प्रथिनं बनवतो आणि त्यांतली काही ठरावीक किडींच्या अळ्यांना मारक असतात. त्या प्रथिनाचं जनुक कपाशीत घातलं की झाडच ते प्रथिन बनवू लागतं. भारतात क्राय१एसी हे एक जनुक असलेल्या कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये क्राय१एसी आणि क्राय२एबी अशी दोन जनुकं असलेली बोलगार्ड-२ आली. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. तिथे हे प्रथिन सुटं होऊन कामाला लागतं आणि आतड्याच्या अस्तरावरच्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं. क्राय१एसीच्या बाबतीत त्या प्रथिनाचं नाव कॅडहेरिन. किल्ली कुलपात बसावी तसं ते बसतं, मग पेशींना भोकं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते.

कुलूपच मोडकं असेल तर किल्ली बसत नाही. कॅडहेरिनचं जनुक काही थोड्या अळ्यांत बिघडलेलं असतं. डीएनएची नक्कल होताना चुका होतात, त्यांतल्याच या. अशी चूक बीटी येण्याआधीही होत होती, नंतरही होत राहिली. तिचा विषाशी काही संबंध नाही. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांमध्ये कॅडहेरिन जनुकाचे एक नाही, अनेक निरनिराळे बिघाड सापडले आहेत. म्हणजे हे कुलूप वेगवेगळ्या अळ्यांत वेगवेगळ्या जागी मोडलं होतं. एखाद्या जमातीला एकच 'युक्ती सुचली' असती तर असा विखुरलेला प्रकार दिसला नसता.

प्रत्येक अळीकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. दोन्ही धड असतील तर बीटी खाऊन ती मरते. एक धड आणि एक मोडकी असेल तरीही मरते, कारण एका धड प्रतीवरून पुरेशी कुलपं तयार होतात. दोन्ही मोडक्या असतील तरच ती तगते. म्हणून अळ्यांचे तीन प्रकार ध्यानात ठेवायचे: धड-धड, मिश्र आणि मोडकी-मोडकी. पुढचा सगळा खेळ या तिघींच्या प्रमाणाचा आहे.

हजारात एक

समजा सुरुवातीला हजार प्रतींमागे एक मोडकी आहे. हा आकडा हिशेबासाठी धरलेला आहे. एकाच अळीत दोन मोडक्या प्रती एकत्र येण्याची शक्यता हजारात एक गुणिले हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एक. वाटतं की ही नसल्यातच जमा. पण एकरी दहा हजार झाडं आणि झाडामागे दहा अळ्या धरल्या तर एका एकरात लाखभर अळ्या होतात. दहा एकरांत ती एक सापडतेच.

आता उरलेल्या मोडक्या प्रती कुठे आहेत ते पाहा. दहा लाख अळ्यांत मोडकी-मोडकी एक, पण मिश्र जवळजवळ दोन हजार. म्हणजे मोडक्या प्रतींचा मोठा साठा मिश्र अळ्यांच्या पोटी लपलेला असतो. त्या दिसतात धड-धड अळ्यांसारख्याच आणि बीटी खाऊन मरतातही तशाच. विषाला प्रती दिसत नाहीत, फक्त अळी मेली की जगली एवढंच घडतं.

बीटीच्या शेतात वाचलेली ती एक अळी पतंग झाली. तिचा जोडीदार कोण, यावर पुढचं ठरतं. आसपास दुसरा वाचलेला मोडका-मोडका पतंगच असेल तर त्यांची सगळी, शंभर टक्के पिल्लं मोडकी-मोडकी होतील. पण शेजारी बिगर-बीटी कपाशी असेल तर तिथून हजारो धड-धड पतंग उडत असतील आणि जोडी बहुधा त्यांच्यापैकीच कुणाशी जमेल. मग पिल्लं सगळी मिश्र. मिश्र अळी बीटीवर मरते. प्रतिकार एका पिढीत पुन्हा झाकला जातो.

बीटीच्या शेताभोवती बिगर-बीटी ओळी लावायला सांगायचे ते यासाठी. नियम असा होता: एकूण क्षेत्राच्या २० टक्के किंवा शेताभोवती पाच ओळी, दोन्हींपैकी जे जास्त असेल ते. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी त्यासाठीच येत असे. या ओळींना रेफ्युज किंवा आश्रय पीक म्हणतात. अळीला मुद्दाम आश्रय द्यायचा ही कल्पनाच शेतकऱ्याला विचित्र वाटली, आणि त्यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही. पाकिटावर मापं होती, पण कारण कुणी धड सांगितलं नाही.

या ओळींनी नक्की किती फरक पडतो याचा हिशेब कागदावर करता येतो. मिश्र अळ्या बीटीवर पूर्ण मरतात आणि दोन्हीकडचे पतंग मोकळेपणाने मिसळतात असं धरलं, तर मोडक्या प्रतींचं प्रमाण दर पिढीला साधारण एवढं वाढतं: बीटी क्षेत्र भागिले आश्रय क्षेत्र, गुणिले त्या प्रमाणाचा वर्ग. हजारात एकपासून सुरू करू, म्हणजे दहा लाख प्रतींत हजार मोडक्या. आश्रय २० टक्के असेल तर पुढच्या पिढीत हजाराच्या १००४ होतात. आश्रय पाच टक्के असेल तर १०१९. एक टक्का असेल तर १०९९. पहिल्या नजरेला तिन्ही आकडे किरकोळ वाटतात. पण वाढ वर्गाच्या पटीत असल्यामुळे ती सुरुवातीला रांगते आणि शेवटी उसळते. २० टक्क्यांच्या शेतात ती उसळी यायला अडीचशेच्या आसपास पिढ्या लागतात, पाच टक्क्यांना पन्नासेक, एक टक्क्याला दहा. वर्षाला पाच पिढ्या धरल्या तर अनुक्रमे पन्नास वर्षं, दहा-अकरा वर्षं आणि दोन वर्षं.

'काल-परवापर्यंत चांगलं चालत होतं आणि यंदा अचानक फसलं' हा अनुभवही याच गणितातून येतो. अचानक काही झालेलं नसतं. प्रमाण हजारात एकवरून शंभरात एक होईपर्यंत शेतात काहीच वेगळं दिसत नाही, कारण शंभर प्रतींत एक मोडकी म्हणजे तगणारी अळी अजून दहा हजारांत एकच. तेच प्रमाण दहात एक झालं की तगणाऱ्या अळ्या शंभरात एक होतात, आणि तिथून पुढे दोन-तीन पिढ्यांत बोंडं फोडली की आत अळीच अळी.

गणित कुठे ढासळलं

वरच्या हिशेबात एक मोठी अट दडली होती: मिश्र अळ्या पूर्ण मरतात. ती अट थोडी सैल करून पाहा. समजा शंभर मिश्र अळ्यांतल्या फक्त दहा बीटीवर जगतात. मग २० टक्के आश्रय काटेकोर लावला तरी मोडक्या प्रती हजाराच्या १००४ न होता १४०० होतात. पुढच्या पिढीत त्याच्याही १.४ पट. अडीचशे पिढ्यांचं काम अठरा-वीस पिढ्यांत उरकतं, म्हणजे चार हंगामांत. विषाची मात्रा जितकी तीव्र तितकी निवड जोरदार, असं वाटण्याचा संभव आहे. इथे मात्र मात्रा पुरेशी तीव्र असणंच निवडीला आवर घालतं, कारण त्यामुळे मिश्र अळ्या वाचत नाहीत. अर्धवट विष सगळ्यांत घातक.

मिश्र अळीला अर्धवट विष मिळण्याच्या जागा आपल्या कपाशीत बऱ्याच होत्या. झाड जुनं होत जातं तसं त्यातलं बीटी प्रथिन कमी होतं, आणि गुलाबी बोंडअळीचा जोर नेमका हंगामाच्या उत्तरार्धात असतो. त्यातून फरदड. पाण्याची सोय असली की दिवाळीनंतरही कपाशी उभी ठेवायची, फेब्रुवारी-मार्चपर्यंत आणखी दोन वेचण्या काढायच्या. अळीच्या बाजूने पाहिलं तर याचा अर्थ वर्षात एक-दोन पिढ्या जास्त, आणि त्याही कमी विषाच्या झाडांवर.

दुसरं कारण बियाण्याच्या जातीत आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. भारतात बीटी कपाशी जवळजवळ सगळी संकरित वाणांत आली. संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते. त्या झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असते, त्यामुळे तिच्यात जनुक वाटून जातं. दोन जनुकांच्या वाणात सोळा सरक्यांमागे सरासरी नऊ सरक्यांत दोन्ही विषं, सहांत कुठलं तरी एक, आणि एकीत काहीच नाही. एकाच बोंडात! अळी तर सरकीच खाते. ती एका सरकीतून दुसऱ्या सरकीत जाताना तिला कधी पूर्ण विष, कधी अर्धं, कधी शून्य मिळतं. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात सरळ वाण, म्हणजे संकर नसलेले आणि जनुकाच्या दोन्ही प्रती असलेले, असल्यामुळे प्रत्येक सरकीत विष असतं. मिश्र अळ्यांना निवडून निवडून जगवायची व्यवस्था कुणी ठरवून केली असती तरी आपल्याइतकी चांगली जमली नसती.

तिसरं कारण आश्रय ओळींचं. १२० ग्रॅमची पुडी बांधावर टाकली जायची किंवा घरी पडून राहायची. दोन एकरांच्या शेतकऱ्याने पाच ओळी अळीच्या तोंडी द्यायच्या, आणि फायदा व्हायचा तो साऱ्या गावाला, दहा वर्षांनी. असा सौदा कोण करील? शिवाय पुडीतलं वाण मुख्य वाणाबरोबर फुलावर येईलच याची खात्री नसायची. आश्रय ओळी महिनाभर उशिरा फुलल्या तर तिथले धड पतंग हवे तेव्हा हजरच नसतात. पुढे बिगर-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली. आश्रय लावायचा की नाही हा प्रश्न त्यामुळे मिटला, पण तोवर अळी बदलून गेली होती.

नोंदी अशा आहेत. २००८ च्या हंगामात गुजरातमधल्या अमरेलीहून गोळा केलेल्या अळ्या प्रयोगशाळेत क्राय१एसी खाऊन जगल्या. मार्च २०१० मध्ये मोन्सँटो कंपनीने अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत प्रतिकार असल्याचं जाहीर केलं. दोन जनुकांचं वाण तोवर बाजारात होतं. दोन विषांचा हिशेब कागदावर भक्कम असतो: दोन्ही कुलपं एकाच अळीत मोडकी असण्याची शक्यता दहा लाखांत एक गुणिले दहा लाखांत एक. पण पहिलं कुलूप बहुतेक अळ्यांत आधीच मोडकं असेल तर दोन विषांचं वाण प्रत्यक्षात एकाच विषाचं उरतं. त्यात एक विषाची आणि दोन विषांची कपाशी काही वर्षं शेजारी शेजारी उभी होती. अळीला पायऱ्याच मिळाल्या. २०१४ च्या सुमारास गुजरातेत बोलगार्ड-२ वरही अळ्या टिकू लागल्या आणि २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात बोंडंच्या बोंडं पोखरली गेली. क्राय२एबीच्या बाबतीत मोडलेलं कुलूप वेगळं निघालं, एबीसीए२ नावाच्या जनुकातलं.

हिरव्या अळीचं तसं का झालं नाही

बीटी आली तेव्हा खरा शत्रू गुलाबी नव्हता, हिरवी म्हणजे अमेरिकन बोंडअळी होता. तिच्यावर बीटीचा प्रभाव कितीतरी जास्त काळ टिकला. शेतं तीच, बियाणं तेच, आश्रय ओळी न लावण्याची सवयही तीच. फरक खाण्यात आहे. हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. आपल्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतातच आणि रब्बीत शेजारी हरभरा. त्या प्रत्येक झाडावर धड-धड अळ्या वाढत होत्या. आश्रय पीक कुणी न सांगता आपोआप लागलेलं होतं. गुलाबी अळीला तुरीचा काही उपयोग नाही. तिचं जग कपाशीपुरतं, आणि त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त बीटी झालेली. एकाच शेतात, एकाच विषाखाली, एका किडीची जमात बदलली आणि दुसरीची त्या वेगाने बदलली नाही. निवड हा किडीचा गुण नाही. कुणाला जगायला जागा कुठे मिळते यावर तिचा वेग ठरतो.

अ‍ॅरिझोनात हीच गुलाबी अळी होती आणि बीटी कपाशी १९९६ पासून होती. १९९७ मध्ये तिथल्या दहा शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांत मोडक्या प्रतींचा अंदाज निघाला ०.१६, म्हणजे शंभरात सोळा. वरच्या गणिताने पाहिलं तर काम दोन-तीन वर्षांत तमाम व्हायला हवं होतं. झालं नाही. आश्रयाची शेतं तिथे खरोखर लावली जात होती, सरळ वाणांमुळे मिश्र अळ्या मरत होत्या, आणि मोडकं कुलूप फुकट मिळत नाही ही तिसरी गोष्ट मदतीला होती. कॅडहेरिनचं आतड्यात स्वतःचं काही काम असतं. ते बिघडलेली अळी बिगर-बीटी कपाशीवर धड अळीपेक्षा कमी तगते. म्हणजे बीटीच्या शेतात निवड मोडक्या प्रतीच्या बाजूने आणि आश्रयाच्या शेतात तिच्या विरुद्ध. दोन्हींचा तोल साधला तर प्रमाण जागच्या जागी राहतं. २००६ पासून तिथे वंध्य केलेले पतंग विमानांतून प्रचंड संख्येने सोडले गेले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कपाशीतून ही कीड संपल्याचं जाहीर केलं.

चीनमध्ये, यांगत्से खोऱ्यात, तर गाडी उलट फिरली. तिथे प्रतिकार हळूहळू वाढत होता. मग संकरित बीटी कपाशीची दुसरी पिढी बियाणं म्हणून पेरली जाऊ लागली. तिच्यात चारातलं एक झाड बिगर-बीटी निघतं, म्हणजे शेतात २५ टक्के आश्रय विखुरलेला. प्रतिकारक अळ्यांचं प्रमाण घटलं. हे शेतकऱ्यांनी अळीचा विचार करून केलेलं नव्हतं. ते बियाणं स्वस्त पडत होतं एवढंच.

निवडीला ठरलेली दिशा नसते हे इथे नीट दिसतं. ज्यांना आणखी एक उदाहरण हवं त्यांच्यासाठी, कीड सोडून पक्ष्याचं: प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर या छोट्याशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७ चा पावसाळा जवळजवळ कोरडा गेला, जेमतेम २४ मिलिमीटर पाऊस. बारीक बिया संपल्या. उरली ती आपल्या सराट्याच्या भावकीतल्या एका झुडपाची काटेरी, टणक फळं. ती फोडायला जाड चोच लागते. मध्यम आकाराच्या जमिनीवरच्या फिंचांपैकी सुमारे ८५ टक्के मेले आणि वाचलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जास्त भरली. चोचीची जाडी आई-बापांकडून येते, म्हणून पुढची पिढीही जाड चोचीची निघाली. मग १९८३ मध्ये एल निनोचा धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं रान माजलं, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत बारीक चोचीचे पक्षी सरस ठरले. अळीत एका जनुकाची 'आहे की नाही' अशी गोष्ट होती. चोचीत पुष्कळ जनुकांची 'किती' अशी. कारभार मात्र तोच: फरक असायला हवा, तो वारशाने जायला हवा, आणि त्या फरकामुळे कुणाला जास्त पिल्लं व्हायला हवीत. तिन्हींतलं एक काढलं तर काही घडत नाही. दुष्काळात उपास घडून हडकलेल्या पक्ष्याची पिल्लं हडकुळी निघत नाहीत.

मारणं आणि निवडणं

आता शेतातल्या उपायांकडे या नजरेने पाहा. कुठल्याही उपायाला दोन प्रश्न विचारायचे. यामुळे अळ्यांची संख्या किती घटते? आणि यातून वाचणाऱ्या अळ्या वेगळ्या प्रकारच्या असतात का?

शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटी उपटून तिचा भुगा करणं, खोल नांगरट, डिसेंबरअखेर पीक संपवणं, जिनिंगच्या आवारात साठलेली सरकी आणि कचरा लवकर हलवणं: यात धड आणि मोडक्या दोन्ही अळ्या सारख्याच मरतात. प्रमाण बदलत नाही, संख्या कोसळते. म्हणून हे उपाय वर्षानुवर्षं केले तरी निकामी होत नाहीत. हंगामपूर्व लागवड टाळण्याचंही तेच. सुप्तावस्थेतून बाहेर आलेल्या पतंगाला अंडी घालायला पाती-फुलं मिळाली नाहीत तर तो तसाच मरतो, त्याच्या प्रती कशाही असोत. फरदड न घेणं यात दोन्ही फायदे आहेत: संख्याही घटते आणि मिश्र अळ्यांना वाचवणारे कमी विषाचे महिनेही जातात. एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी.

कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नराला ओढणारे सापळे, मुख्यतः पाळत ठेवण्यासाठी असतात, हेक्टरी पाच. त्यात नर अडकतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली. सापळ्यांवर भरवसा नसेल तर एकरात फिरून वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची. दोनात जिवंत अळी दिसली तर नुकसानीची पातळी गाठली. बाहेरून बोंड पाहून अंदाज बांधू नये, ते धडच दिसतं. डोमकळ्या दिसल्या की वेचून नष्ट कराव्यात. पहिल्या पिढीतली एक अळी गेली तर तीन पिढ्यांनंतरच्या हजारो जातात.

फवारणी मात्र पुन्हा निवड सुरू करते. एकाच गटातलं कीटकनाशक पाठोपाठ मारलं तर त्या गटाला न जुमानणाऱ्या अळ्या वेचल्या जातात, बीटीचीच गोष्ट नव्या विषावर. दुसरी फवारणी निराळ्या गटातली हवी; निराळ्या कंपनीचं नाव असलेली पण आत तेच औषध, याला निराळं म्हणत नाहीत. मात्रा पातळ करून मारणं म्हणजे मिश्र अळ्यांना सवलत. आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक लवकर, वारंवार मारलं की मित्रकीटक जातात आणि पांढरी माशी उफाळते, हा वेगळा ताप.

बीटी शेतात जिवंत अळी दिसली म्हणून लगेच 'प्रतिकार' असा शिक्का मारायचीही घाई नको. झाड बीटी नसेलच, किंवा बियाणं बनावट असेल. पानाचा तुकडा चुरून त्यात पट्टी बुडवायची साधी चाचणी असते. पट्टीवर चाचणीची रेघ उमटली तर झाडात प्रथिन आहे. झाडात प्रथिन असूनही अळी जगत असेल तर ती प्रयोगशाळेत जाते. तिथे तिची पिल्लं वाढवून त्यांना मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम क्राय१एसी मिसळलेलं खाद्य दिलं जातं. धड-धड आणि मिश्र पिल्लं त्या मात्रेला तग धरत नाहीत. पिल्लांवर ही चाचणी करण्याचं कारण सोपं आहे: शेतात एखादी अळी नशिबानेही वाचते, बिनविषाची सरकी तोंडाला लागल्यामुळेही वाचते. नशीब पिल्लांकडे जात नाही, मोडकं कुलूप जातं.